एकशे चाळीस गाद्या

वाल्दिव्हियात जुलै म्हणजे ओली लाकडं.
आधी धूर, मग ऊब,
ठराव सगळ्यात शेवटी.

मी खजिनदार. भाषणं माझ्याकडे नाहीत.
माझ्याकडे एक वही,
शाळेच्या व्यायामशाळेची किल्ली,
आणि अग्निशमन दलाकडून, चर्चकडून,
फ्रेसियाच्या मावशीच्या बंद पडलेल्या लॉजमधून
उसन्या आणलेल्या एकशे चाळीस गाद्या.
प्रतिनिधी दोनशे बारा.
म्हणजे बहात्तर जण फरशीवर,
हे मी अध्यक्षांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले,
चळवळीत सगळं भागतं.
ते स्वतः बहिणीकडे उतरले होते.

पैसे कुठून आले म्हणाल तर पावातून.
सहा शनिवार नदीकाठी टेबल मांडून
पावात सॉसेज, वर टोमॅटो, वर अ‍ॅव्होकाडो,
आणि मेयोनेज गिऱ्हाईक नको म्हणेस्तोवर.
मासळीबाजाराचे समुद्रसिंह कठड्याखाली डुलत बसायचे,
वर्गणी न देणाऱ्या ज्येष्ठ सभासदांसारखे.
अहवालात याला
'जनतेचा उत्स्फूर्त सहभाग' असं लिहिलं आहे.

सगळ्यात अवघड काम कुणी मागून घेतलं नाही,
म्हणून माझ्याकडे आलं :
कोण कुणाशेजारी झोपणार.
उत्तरेचे स्वायत्तवाले समाजवाद्यांशी बोलत नाहीत.
समाजवादी दोन प्रकारचे, ते एकमेकांशी बोलत नाहीत.
तेमुकोच्या मुली आधी मापुचेंच्या भाषेत बोलणार,
भाषांतर नंतर, ज्याला गरज त्याच्यासाठी.
हे मी कार्यक्रमपत्रिकेत तीनदा घातलं,
कारण दोनदा कुणीतरी खोडलं.
हस्ताक्षर आपल्याच माणसाचं होतं.

आणि बाल्तासार.
याच वहीत तो जमेची बाजू लिहायचा, मी खर्चाची.
गेल्या अधिवेशनात उठून गेला, मागोमाग सत्तावीस जण.
खुर्च्या सरकल्याचा तो आवाज
मला अजून भांडी घासताना ऐकू येतो.
यंदा पत्र आलं :
येऊ, पण तुमच्या गाद्यांवर झोपणार नाही.
आमच्या आम्ही आणू. तत्त्वाचा प्रश्न आहे.
मी उलट लिहिलं, तत्त्वाला उशी लागते का तेवढं कळवा.
उत्तर नाही.

शनिवारी रात्री वाद :
'निषेध' की 'तीव्र निषेध'.
तीन तास दहा मिनिटं.
मग किटली, हीटर आणि माइक एकाच तारेवर,
आणि काळोख.
काळोखात कोण कुठल्या गटाचा ते दिसेना.
कुणीतरी कुणाला तरी ब्लँकेट दिलं,
आभार कुणाचे मानायचे ते कळलं नाही.
शिपाई दोन एरिबेर्तो टॉर्च घेऊन आले,
फ्यूजच्या पेटीसमोर गुडघ्यावर बसले, म्हणाले,
पोरांनो, ही निषेधाने येत नाही, तारेनेच येते.

मतमोजणी टॉर्चवर.
दोन्ही बाजूंचा विश्वास बसेल अशी माणसं दोनच निघाली.
तो डावीकडून, मी उजवीकडून,
वर झालेले हात, काही मोजे घातलेले,
एक हात झोपेत वर राहिलेला, तो धरला नाही.
आमचे आकडे पहिल्याच खेपेला जुळले.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही,
आकड्याकडे पाहिलं.
'तीव्र' चार मतांनी पडलं.

रविवारी बसेस गेल्या.
उरला एक हातमोजा, पावाची अर्धी गोणी,
उलटा टांगलेला फलक,
जो दोन दिवस कुणालाच उलटा वाटला नव्हता.
गाद्या परत द्यायच्या म्हणून मोजल्या.
एकशे एक्केचाळीस.
पुन्हा मोजल्या.

जास्तीची, निळ्या पट्ट्यांची, दाराशी,
दोरीने नीट बांधलेली.
विसरलेलं सामान असं बांधून ठेवत नाहीत.

पावतीपुस्तकात रकाना आहे : देणाऱ्याचे नाव.
मी तो कोरा ठेवला,
आणि जमेच्या बाजूला, जिथे माझं अक्षर सहसा नसतं,
लिहिलं :
गादी, नग एक.
पुढल्या वर्षी एकाहत्तर कमी.