पाचवा ठिपका

चौथीच्या पुस्तकाचं बत्तिसावं पान.
मी मोठ्यानं वाचलं, ‘माती विसरू नका.’
समोर मूळ प्रत धरून बसलेल्या तामोरे बाई
थांबल्या. म्हणाल्या, ‘नाती.’

ब्रेलमध्ये म आणि न यांच्यात
एका ठिपक्याचं अंतर असतं,
उजव्या रांगेतला मधला, पाचवा.
तो कागदावर होता.
माझ्या बोटाखाली नव्हता.

सत्तावीस वर्षं ताडदेवच्या छापखान्यात
या एका तर्जनीवर घर चाललं.
आधी रात्री मुंग्या आल्या,
हात झटकला की जायच्या.
मग बसमध्ये एक रुपया आणि दोन रुपये
सारखेच लागायला लागले.
मग भर पुलावर काठी सुटली
आणि ती सुटल्याचं मला
आवाजावरून कळलं.

परळच्या इस्पितळात केसपेपर, बाक, नंबर.
बाकावर शेजारी बर्फाचा आणि बोंबलाचा वास.
‘उजवा कापून घेतला गो बाय,
आता डाव्यासाठी आले.
रातची झोप लागते, येवढं खरं.
पन कोयता धरताना तळव्यात दुखतं अजून.’
मी तिचा व्रण बघू का विचारलं.
तिनं हात पुढे केला.
मनगटाखाली बोटभर टणक रेघ,
करंगळीनं वाचली मी ती.

डॉक्टर गव्हाणकर तरुण. इतरांना चित्र काढून देतात.
माझ्याच मनगटावर बोट फिरवत म्हणाले,
‘खाली हाडं, वर हे जाड छप्पर,
मधून नऊ दोऱ्या जातात आणि एक नस.
दोऱ्या सुजल्या. नसेला जागा उरली नाही.’
मला हसू आलं.
आमच्या खोलीत आम्ही सात जण होतो.

‘अंगठा, तर्जनी, मधलं, आणि अनामिका अर्धी.’
अर्धीच?
‘नसेची हद्द तिथे संपते.’
म्हणजे परळ संपून लालबाग कुठे लागतं, तसं.
‘करंगळीची नस वेगळी. ती या बोगद्यातून जातच नाही.’

मग उपाय.
रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, सहा आठवडे.
ती मी बांधली. मुंग्या कमी झाल्या, ठिपका नाही आला.
सुई, स्टेरॉइडची: आराम पडेल,
काही महिने, पुढचं सांगता येत नाही.
शेजारच्या खातूनबींचं तेल, त्याला वास छान.
हाताला विश्रांती द्या, हेही म्हणाले,
आणि लगेच गप्प झाले.

करंटची तपासणी झाली. झटके मला लागले,
पण उशिरा,
दोन घरं पलीकडे फोन वाजावा तसे.

‘छप्पर कापू,’ ते म्हणाले. ‘वीस मिनिटं.
टाके बारा-चौदा दिवसांनी.
झोप लवकर येईल.
बोटाची जाण… महिने लागतील.
पूर्ण येईल असं लिहून देत नाही.’
लिहून दिलं असतं तरी
वाचलं असतं कशानं?

संमतीचा कागद त्यांनी वाचून दाखवला,
दोनदा, न कंटाळता.
नर्स म्हणाली, ‘इथे अंगठा द्या.’
अंगठ्याला विचारा, म्हटलं,
त्याला यातलं काही माहीत नाही.
मी सही केली. तिरकी गेली असणार.

तारीख मिळाली मंगळवारची.
सोमवारी छापखान्यात गेले.
बत्तिसावं पान मागितलं.
तामोरे बाई म्हणाल्या, ‘सुधारलंय ते.’
तरी मागितलं.

करंगळी कधी शाळेत गेलेली नाही.
पहिल्या ओळीला चहा गार झाला.
काना चुकला, परत मागे आले,
रेघ सुटली, परत सुरुवात.
तामोरे बाईंनी एकदाही सांगितलं नाही.

खाली दुपारची शिफ्ट सुरू झाली,
यंत्र धडधडलं, टेबल हललं,
आणि उजव्या रांगेत, मध्ये,
मोहरीएवढा,
होता.