मेली म्हणतात ती

डनीडनमध्ये सूर्य उत्तरेकडून जातो.
हे घर दक्षिणेला तोंड करून बसलंय,
कुणावर तरी रुसल्यासारखं.
मे ते ऑगस्ट या भिंतीला ऊन माहीतच नसतं.

दार लोसा फालेआफानं उघडलं.
एका हातात केटल, दुसऱ्यात पोराचे ओले मोजे.
"बूट राहू द्या पायात, खाली गार आहे."

घरमालक प्रिंगल आधीच आत उभे, गळ्यातला मफलर न सोडता.
"मेली," ते म्हणाले, "सगळी मेली.
शनिवारी ब्लीच मारलं, मंगळवारी परत मारलं.
आता राहिलाय तो नुसता डाग."
"मेलीच ती," लोसा म्हणाली,
"मेलीनं पोराची झोप खाल्ली."
शब्द एकच.
एकाच्या तोंडी पावती, दुसरीच्या तोंडी शिवी.

मी पिशवीतून चिकटपट्टी काढली.
माझं काम एवढंच:
चिकटवायची, सोलायची, काचेवर लावायची,
वर खोली आणि तारीख.
पलंग ओढला तेव्हा इओआने शेजारी येऊन उकिडवा बसला.
वय सहा, पुढचे दोन दात नाहीत.
"तिचे ठसे घेता?"
"हो."
"चोराचे घेतात तसे?"
जवळपास तसेच, म्हणेपर्यंत
त्याच्या छातीत शीळ वाजली,
दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी.
त्यानं बोट वर केलं: थांबा, संपेल आता.
आम्ही तिघं थांबलो.
प्रिंगलांनी घड्याळाकडे पाहिलं.

भिंगाखाली कण दिसले,
तुटलेल्या पोतीतून सांडलेले काळे मणी.
जिवंत कण आणि मेलेला कण
काचेवर सारखेच दिसतात.
म्हणून बशीत पेरले, झाकण लावलं,
सात दिवस वाट पाहिली.
काही उगवलं नाही.
प्रिंगल खोटं बोलत नव्हते.

पण श्वासनळी मृत्यूचा दाखला मागत नाही.
तिला कवच कळतं, कवचाचा चुरा कळतो.
सुंभ जळतो, पीळ राहतो,
आणि नाकात जातो तो पीळच:
पडदा सारताना, उशी झटकताना.
वाळल्यावर तर ती आणखी हलकी,
कुठंही जायला मोकळी.

सगळ्यांनाच बाधते असंही नाही.
प्रिंगल त्या खोलीत तासभर होते,
साधी शिंक नाही.

फॉर्मवर दोन चौकटी असतात:
सक्रिय. निष्क्रिय.
दुसरीवर खूण केली की फाइल मिटते.
अकरा वर्षं मी ती खूण करत आले,
अक्षर माझं चांगलं आहे,
कुणी कधी परत विचारलं नाही.

त्या दिवशी निघताना
लोसानं सहज सांगितलं, कप विसळता विसळता:
शीळ वाढली की ती त्याला गाडीत घालते,
सेंट किल्डाच्या किनाऱ्यावर नेऊन उभी करते.
"तिथं झोपतो. मी जागते. पाचला कामावर जाते."
एवढंच.
कप उपडा ठेवला.

समासात जागा थोडी होती, मी आडवं लिहिलं:
मेलेलं घरात ठेवत नाहीत.
मेली म्हणता ना, मग उचला.
पलंगामागचा बोर्ड काढा, मागचा गळका पाइप बघा,
ओल्या फडक्यानं टिपा, कोरडं झाडू नका,
पोराला त्या दिवशी घरी ठेवू नका.
ऑफिसातून ग्रेटा म्हणाली, समासातलं कुणी वाचत नाही.

प्रिंगलांचा फोन अजून नाही.
गुरुवारी पहाटे किनाऱ्यावरून जाताना
लोसाची गाडी दिसली.
काचा आतून धुकटलेल्या,
म्हणजे ओल तिथंही पोचली होतीच.
मागच्या काचेवर, लहान बोटानं काढलेला
एक चोर,
तोंडाला फडकं बांधलेला.
त्याच्या पायाकडून पाणी हळूहळू खाली ओघळत होतं.
मी गाडी थांबवली.
काच वाजवावी की नाही,
ठरेना.