चाळीस नंबर

पाठीवर दहा किलो गहू घेऊन
आठ महिने मी किल्ला चढले,
पहाटे, उरवाईच्या वाटेने,
कातळातले तीर्थंकर जागे असायचे तेवढेच.
आणि उतरणीवर भेटणारे शितोळेकाका, रोज एकच विनोद:
"अहो बाई, गिरणी तर खाली राहिली!"

खरं ओझं गव्हाचं नव्हतं.

जानेवारीत, तिबेटी बाजार उठायच्या दिवशी
ताडपत्री सोडता सोडता याङझोम म्हणाली,
सिमिकोटच्या वर जाणार ना तुम्ही?
मग एवढं न्या.
मरून स्वेटर, लुधियानाचा माल,
पिशवीची टाचणीसुद्धा तशीच.

तिचा जन्म कर्नाटकातल्या मक्याच्या शेतांमधला.
बर्फ पाहिला तो फ्रीजमध्ये.
पण वडील सांगायचे:
खिंड उतरून आलो, थोरला पोटात होता,
एका गोठ्यात अख्खा हिवाळा काढला.
घरवाल्याने भाडं घेतलं नाही.
वडील गेले. भाडं राहिलं.

"नाव काय त्याचं?"
"नाव कोणाला माहीत. अंगाने मोठा होता म्हणे."
म्हणून चाळीस नंबर.

भाद्रपदात, चालण्याच्या सहाव्या दिवशी
माझ्या छातीत सायकलचा फुटका पंप वाजत होता
तेव्हा वळणाआड ते गाव दिसलं.
सपाट धाब्यांवर सरपण, जवाच्या पेंढ्या,
आणि एक कुत्रं, माझ्यावर भुंकायचाही कंटाळा आलेलं.

दारोदार फिरले. छिरिंग दुभाष्या.
पहिल्या घरी म्हणाले, आमच्या गोठ्यात चौदा जण होते.
दुसऱ्या घरी, आमच्याकडे दोन हिवाळे.
तिसऱ्या घरची म्हातारी म्हणाली, कुठला हिवाळा?
माणसं येतच होती.

अंगाने मोठा?
तिने बराच वेळ आठवून पाहिलं.
"त्या साली इथे अंगाने मोठं कोणीच नव्हतं."

मग स्वेटर घेतला, उलटा केला,
शिवण पाहून नाक मुरडलं, मशीनची,
आणि घातला. हात बाह्यांत बुडाले.
तशीच गेली याकांमागे.
भाडं फिटलं का, हे विचारायचं
मला सुचलंच नाही. दम लागला होता.

निघताना तिने माझ्या मुठीत
दोऱ्यात ओवलेली छुर्पी कोंबली,
खडीसारखी टणक.

काल बाजार पुन्हा लागला.
"मोठा होता ना?"
"हो," मी म्हटलं, "चाळीस बरोब्बर बसला."
बँकेत एकतीस वर्षं काढली मी,
एकदाही आकडा फिरवला नव्हता.

याङझोमने छुर्पी हुंगली,
दोरा दाताने तोडला,
एक खडा गालात सरकवला.
ती काही लवकर विरघळत नाही.

मुरारची कोणी बाई शाळेच्या स्वेटरवर
साडेतीनशे, तीनशे, चला अडीचशे, करत बसली,
आणि याङझोम, एक गाल फुगवून,
नुसती बोटं दाखवत राहिली,
दिवे लागेपर्यंत.