सुक्या बांगड्याचा वास

असोळण्यात, नदीकाठच्या त्या घरात
पंधरा दिवस वास येत होता.
एफिजेनियाबाईंना वाटलं, शेजारणीने बांगडे सुकत घातलेत.
शेजारणीला वाटलं, ह्यांनी.
ज्या गावात हवाच मासळीची
तिथे जळता सॉकेट
कुणाच्या नाकाला वेगळा कळणार?

ओव्हन तीन हजार वॅटचा,
मेहुण्याने कुवेतहून पाठवलेला.
आणि आनाक्लेत तारवटी,
तीस वर्षं आगबोटीच्या पोटात काढलेला.
"वायरमन कशाला? इंजिनं उघडलीत मी.
हा तर नुसता पेटारा."
पंख्याची जुनी वायर त्याने खिडकीच्या गजावरून ओढली,
टोकं पिळली, वर जखमेची चिकटपट्टी.
हिरवी तार उरली, ती दुमडून आत ढकलली:
"ही कशाला देतात कोण जाणे."
फ्यूज दोनदा उडाला.
तिसऱ्यांदा त्याने तांब्याच्या साताही तारा एकदम घातल्या.
मग नाही उडाला.
ह्याला तो दुरुस्ती म्हणत होता.

मला बोलावलं ते दुसऱ्याच कामाला.
व्हरांड्यातली नाताळची चांदणी
संध्याकाळी मधेच मंद व्हायची.
"कधी?" मी विचारलं.
"मी बातिका भाजायला ठेवली की," बाई म्हणाल्या.
आणि जाता जाता,
"मला साखर झालीय बहुतेक.
ओव्हनचं दार धरलं की बोटांना मुंग्या येतात.
हे म्हणतात, चप्पल घालून उघड."

निळी रबरी चप्पल. टाचेकडे झिजून
पार कागद झालेली.
मी टेस्टर ओव्हनच्या अंगाला टेकवला.
एवढासा तांबडा डोळा उघडला
आणि मिटेना.

खाली फरशी नुकतीच पुसलेली, ओली.
मला काही बोलायला सुचलं नाही.

मेन पाडला. सॉकेट ओढला, तर मागून वितळलेला,
उतू गेलेल्या दोदोलासारखा काळा.
वायरीचं आवरण बोटांत भुगा झालं.
आत बातिका अर्धी कच्ची.
बाईंनी ताट फडक्याने झाकलं नि पोदेराकडे निघाल्या,
त्याची भट्टी दुपारपर्यंत धग धरून असते.
चप्पल दाराशीच राहिली.

आनाक्लेत भिंतीतल्या भोकाकडे बघत उभा.
"बोटीवर सगळं लोखंड," तो म्हणाला,
"पायाखाली, डोक्यावर.
जमीन अशी वेगळी शोधावी लागत नसे."
घराला लागते, बाब, मी म्हटलं.
खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून
तिला तारेने आत आणावी लागते.

बराच वेळ गप्प. मग हळूच,
"चार एमएमची वायर किती मीटर लागेल?"
माप घेऊन सांगतो उद्या.
"तू नुसतं सांग. ओढीन मीच."

मी त्याचा पेचकस टेबलावरून उचलला,
माझ्या पिशवीत टाकला.
त्याने पाहिलं,
आणि पाहिलं नाही असं केलं.