निशाधर सोडून कुणीही

सिडकोतल्या खोलीत, शनिवारी,
फासे काढायच्या आधी मी नियम सांगतो:
निशाधर सोडून कुणीही व्हा.

आठवीत पंचवटी कारंजाजवळच्या वाचनालयात
त्याचं पहिलं पुस्तक मिळालं होतं,
शेवटची सात पानं नसलेलं.
तेव्हा तो नदीला घाबरायचा.
गंगेवर बसून शेवट आम्हीच रचला.
फिरोजच्या शेवटात तो राजा झाला,
माझ्या शेवटात घरी गेला.

आता तो सातपूरच्या रिक्षांमागे,
मेन रोडला डब्यांवर, छत्र्यांवर,
आमच्या चुलतभावाच्या दंडावर.
दोन तलवारी, एकच उसासा.
भीती कुठल्याशा भागात काढून टाकली.

आणि तो नावाडी,
तिसऱ्या प्रकरणात त्याला पैलतीरी सोडून
अर्ध्या ओळीत मेलेला?
त्याला नावसुद्धा नाही.
एवढ्यावरूनच डोकं फिरतं माझं.

आज शिरसाठांची मनवा आली, अकरा वर्षांची,
दप्तरावर तोच.
नियम ऐकला. म्हटलं, आता रडते ही.
तिनं पेन्सिलीचं टोक चावलं.
"मग ज्यानं त्याला पलीकडे नेलं, तो होऊ?
पोहता येतं का त्याला?"

फासा टाक, म्हटलं.

चार पडले.
येतं.
कसंबसं.