एकोणीसचा पाढा

रुवीत, बसथांब्यामागच्या गल्लीत,
मोबाइलची कव्हरं आणि वेलचीची पाकिटं
एकाच दोरीला टांगलेली असतात तिथं,
सजीश त्याच्या कन्नूरच्या हिंदीत विचारतो, बजेट?
तीन रियाल.
तीन रियालात आवाज येईल, तो म्हणतो, संगीत येणार नाही.
मला आवाजच हवाय.

बिनतारी नको.
आमच्या लॉन्ड्रीत शंभर किलोचे ड्रम फिरतात,
गेल्या साली रफीकुलचं एक बोंडूक हॉटेलच्या चादरींत गेलं
आणि धुऊन, वाळून, घडीत बसून परत आलं.
छान पांढरं झालं होतं. मुकं.
तारेचं द्या. तार ओढली की कळतं
आपला कान कुठवर आहे.

तो स्वतःचं गाणं लावायला जातो, ढोल असलेलं.
ढोलावर सगळेच पास होतात.
मी म्हणतो, थांब, माझं लावतो :
एक मिनिट अकरा सेकंद,
अफरा, इयत्ता चौथी, एकोणीसचा पाढा.

हसू नका.
एकोणीसच्या पाढ्यात जितके स आहेत
तितके कुठल्याच गाण्यात नसतील.
खोटा माल इथंच उघडा पडतो.

पहिला, लाल डबीतला. बेस भारी, सजीश म्हणाला होता.
भारीच. पोर रिकाम्या टाकीत उतरून बोलतेय,
अडतीस म्हणते आणि टाकी घुमते.
काढला.

दुसरा चकचकीत, धातूचा.
प्रत्येक स तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा.
सत्तावन्नला डोळे मिटले माझे,
शहात्तरला काढला.

तिसऱ्याच्या डबीवर नावसुद्धा नाही.
रबराच्या टोप्या तीन मापांच्या. लहान टोपी गळते,
मोठीनं कानशील दुखतं,
मधली बसली
आणि दुकानाचा एसी एकदम दूर गेला, पार मत्रहच्या धक्क्यापर्यंत.
एकोणीस पाचे पंच्याण्णव.
साधं. पेजेसारखं.
तिनं मध्ये घेतलेला श्वास, नाकातली सर्दी,
मागं हर्णैच्या आमच्या दाराची कडी.

फक्त उजवीकडून कमी येतंय, मी म्हणालो. पीस खराब आहे.
सजीशनं काही न बोलता बोंडकं काढली
आणि उलटी घातली. डावं उजव्यात, उजवं डाव्यात.
आता कसं?
आता पण उजवीकडूनच कमी.
त्यानं दुसरा पीस फोडला. तेच.
मग तो काचेवरची धूळ पुसायला लागला,
जी नव्हती.

ड्रायरचा पंखा माझ्या उजव्या हाताला आहे.
अकरा वर्षं.

दोन रियाल आठशे बैसा. दोनशे बैशांचा चहा दोघांनी घेतला.

रात्री, सहा जणांच्या खोलीत, वरच्या बंकवर,
तार सदऱ्याला घासली की कानात कुणी केर काढतं,
हे दुकानात कळलं नव्हतं. माइकसुद्धा फालतू आहे,
मी बोललो की मैमुना म्हणते, विहिरीतून बोलताय का.
पण ऐकायला चांगले. खरंच चांगले.
पाढा पुन्हा लावला. शंभर वेळा ऐकलेला.
एकोणीस सक चौदोदरसे.
एकोणीस साते
आणि तिथं ती थांबते, दर वेळी थांबते,
मला वाटायचं, सर्दी.
डाव्या कानात, पाढ्याच्या खालून,
कुणीतरी ओठांनीच, वाऱ्याएवढं, म्हणालं :
तेहेतीसासे.
तेहेतीसासे! ओरडली अफरा.

मैमुना.
आठलाही तीच. नऊलाही.

शुक्रवारी फोनवर मी म्हणालो, पाढा झकास पाठ केलाय पोरीनं.
ती म्हणाली, मग.
मग विचारलं, तुमची तब्येत? नवे घेतले ते कसे आहेत?
मी फोन डाव्या कानाला धरला होता.
म्हणालो, एक नंबर.
दोन्हीकडून सारखं येतं.