एकोणपन्नास

निकालाच्या रात्री अक्कलकोट रोडवरच्या खोलीत
मी, एक कूलर, आणि सेकंदाला पन्नास जणांना
उत्तर देणारं यंत्र.
पन्नास. वर एकही नाही.

चाळीस आले तर माणशी सेकंदाचा दहावा भाग,
पंचेचाळीस आले तर पाचवा.
एकोणपन्नास आले तर अख्खा सेकंद.
आणि पन्नास आले की भागायला खाली शून्य उरतं,
रांगेला शेवट राहत नाही.

हे पहिल्यांदा वहीत मांडलं तेव्हा वाटलं,
हे आपण पाहिलंय.

दत्तनगर. विडी ब्रँचची पायरी.
आईच्या पाटीत चाळीस कट्टे, हजार विड्या.
आत एकटा चेकर यल्लप्पा
कट्टा उचलतो, चिमटीत दाबतो, नाकाशी नेतो,
मनात आलं तर छाटात फेकतो.
रोज त्याच बाया, तेवढ्याच विड्या.
तरी कधी रांग पार रस्त्यावर,
कधी यल्लप्पा नुसता तंबाखू मळत बसलेला.
आई म्हणायची, "एकेक करून आल्या तर रांग कशाला लागंल?
नळ आला की चार गल्ल्यांना एकदमच उशीर होतो."

पुस्तकात ह्याला ग्रीक अक्षर आहे.
आमच्याकडं चौथ्या दिवशी येणारा नळ होता.

साडेदहाला निकाल लागला.
त्रेचाळीस. सत्तेचाळीस.
मग मंगळवेढ्याचा कुणी पोरगा धीर सोडून
परत बटण दाबतो, परत दाबतो,
रांगेतली जागा न सोडता
स्वतःच्याच मागं येऊन उभा राहतो.
साठ. एकशे दहा.

मी दार अर्धं लावून घेतलं.
चव्वेचाळीस आत. बाकीच्यांना पाटी:
थोड्या वेळाने प्रयत्न करा.

यल्लप्पाही असंच करायचा. आज बास, उद्या या.
सात वर्षांची मी, आईचा पदर धरून,
मनातल्या मनात त्याला तेलुगूत शिव्या घातल्या होत्या.

सकाळी चिलवेरीसाहेब म्हणाले,
"वर्षभर पाच टक्केसुद्धा चालत नाही हे,
आणि तू दुसरं मागलालीस?"
मी आकडे पुढं ठेवले.
त्यांनी चहा मागवला.

घरी आई जेवायची थांबलेली.
विड्या सोडून सहा वर्षं झाली,
तरी बोटं ताटाच्या कडेवर पान वळत होती.
"किती बायांना परत धाडलंस?"

पोरं होती, आई, म्हटलं.
आकडा लॉगमध्ये होता.
तो सांगितला नाही.